खाट क्रमांक सातचं ब्लँकेट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हे सांगताना माझं मलाच हसू आवरत नाही आणि मग कपातला चहा धोतरावर सांडतो. गाढवपणा कोण करत नाही हो? पण मी तो सख्ख्या बहिणीच्या सोयरिकीत केला. बोला आता!

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी बावीस वर्षांचा, मॅट्रिक पास, आणि रनाळ्याच्या आमच्या गल्लीत मुंबई बघून आलेला एकमेव इसम. एका कापसाच्या व्यापाऱ्याबरोबर गेलो होतो, दोन रात्री लॉजात राहिलो. काय तो पलंग! गादीवर पांढरी चादर, तिच्यावर पांघरायची दुसरी चादर, त्यावर लोकरीचं ब्लँकेट, आणि सगळं गादीखाली घट्ट खोचलेलं. मी दोन्ही रात्री त्या सगळ्याच्या वर, पंख्याखाली कुडकुडत झोपलो. आत शिरायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नाही! पण हे गावात कशाला सांगू? गावात मी फक्त थाट सांगितला.

तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीला, लीलाला, खापर गावचं स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर. लीलाने त्याला एका लग्नात पाहिला होता, आणि तेव्हापासून त्याचा विषय निघाला की ही चूल फुंकायला पळायची. चूल पेटलेली असली तरी! यावरून काय ते समजा. मुलाचे वडील धुडकूआबा आणि मुलाची फुई, म्हणजे आत्या, जमनाफुई, मुलगी पाहायला मुक्कामी येणार होते.

आता आमच्याकडे पाहुणा घर कसं पारखतो, ठाऊक आहे? भिंतीशी रचलेल्या गोधड्यांच्या चळतीवरून. चळत उंच म्हणजे घरात आल्यागेल्याचा राबता, आणि बायकांच्या हाताला सुई आहे. आमची चळत माझ्या डोक्याच्या वर जायची, आणि त्यातल्या अकरा गोधड्या एकट्या लीलाने शिवलेल्या. पण मला लाज वाटली! जुन्या लुगड्यांची ठिगळं जोडून केलेलं पांघरूण शिकलेल्या घरच्या पाहुण्यांना द्यायचं? छे, छे!

"माय, या गोधड्या मागच्या खोलीत टाक," मी हुकूम सोडला.

"येडा शे का तू? तठे मिरच्या शेत!" माय म्हणाली. त्या खोलीत सुक्या मिरच्यांची पोती होती.

"दोन दिवसांचा तर प्रश्न! मुंबईत गोधडी कोणी वापरत नाही."

आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मान डोलावली. घरात मॅट्रिक मी एकटा, त्यामुळे त्यांना वाटायचं की मला काहीतरी कळत असणार. लीलाने मुकाट्याने गोधड्या उचलल्या आणि मिरच्यांच्या पोत्यांमागे नेऊन रचल्या. बिचारी शिंकून शिंकून लाल झाली.

मग मी नंदुरबारला सायकल मारली. तिथल्या दवाखान्यात माझा एक दोस्त कंपाउंडर होता. त्याच्याकडून चार पांढऱ्या चादरी आणि दोन लाल ब्लँकेटं उसनी आणली. धुतलेली, कडक, नवी दिसणारी! ओसरीतल्या दोन खाटांवर ती अशी खोचून बसवली की स्वतःवरच खूश झालो.

पाहुणे तिसऱ्या प्रहरी आले. चहापाणी झालं, लीला पाया पडून गेली, फुईला आवडलेली दिसली. मग फुईची नजर भिंतीकडे गेली. रिकामी भिंत!

"भाऊ, घरमा गोधड्या दिखत नहीत. कोठे गयात?"

मी छाती फुगवून म्हणालो, "आम्ही काढून टाकल्या, फुई. सगळ्या."

"बठ्या? काढी टाक्यात? जाळ्यात का काय?"

"तसंच समजा! घरात नकोच ती घाण."

फुईचा चेहरा उतरला. आमच्याकडे घरातलं पांघरूण जाळायचं एकच कारण असायचं, आणि ते म्हणजे क्षय. पण माझ्या टाळक्यात तेव्हा मुंबई भरलेली होती ना!

नेमके त्याच वेळी आप्पा खोकायला लागले. दिवसभर मिरच्यांची पोती भरलेला माणूस, खोकणार नाही तर काय करणार? आत माय खोकली. तिच्यामागोमाग लीला. मीही थोडा खोकलो. फुईने पदर नाकाला लावला.

"आबा, दमला असाल. जरा आडवे व्हा," असं म्हणत मी विषय बदलला. आबा खाटेवर बसले, ब्लँकेट हातात घेऊन चाचपू लागले. त्याच्या कोपऱ्यात एक पांढरी पट्टी शिवलेली होती. मी पाहिलीच नव्हती हो ती! आबांनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं.

"खाट... क्रमांक... सात."

फुई बसल्या जागी मागे सरकली.

"हाई दवाखानानं शे?" आबांनी विचारलं.

"हो, तिथे माझी चांगली ओळख आहे," मी म्हणालो.

"वळख? कशी काय व्हयनी?"

"नेहमीचं जाणंयेणं असतं ना आमचं!"

आता बोला! हे तोंड त्या दिवशी शिवून का टाकलं नाही कोणी?

फुई उठून उभी राहिली. "आप्पाजी, खरं सांगा. कोन आजारी शे? पोर का तिनी माय?"

"नही वं बहीन, आजार कसाना..." आप्पा एवढंच बोलले आणि पुन्हा खोकल्याची उबळ! आबांनी काठी घेतली. "गाडी जुपा. चाल, जमना. बिचारास्नं दुःख मोठं शे, पन आपले आपला पोर पाहाना पडी."

दाराआड माय रडायला लागली. तिच्या रडण्याचा आवाज मला आजही ऐकू येतो, खोटं नाही सांगत. हा खोकल्याचा बोभाटा एकदा खापरपर्यंत गेला असता, तर लीलाला कोणत्याच गावचं स्थळ आलं नसतं. आणि कशापायी? माझ्या शहाणपणापायी!

आणि मग लीला बाहेर आली. जी पोरगी पाहुण्यांसमोर मान वर करत नव्हती, ती दोन हातांत मावेल एवढा गोधड्यांचा ढीग घेऊन तरातरा आली आणि तिने तो फुईच्या पायाशी आपटला.

"फुई, माले काहीच व्हयेल नही. हाई मन्हा हातनं काम शे. या शहाणानी मिरच्यास्ना खोलीमा दडायेल व्हतं, म्हनीसन आम्ही बठा खोकी ऱ्हायनूत!"

ती आणखी बोलणार होती, पण बोलायची सोय राहिली नाही. गोधड्या आपटल्या तशी तिखटाची धूळ उडाली, आणि आबा जे खोकले, जे खोकले, की टोपी पडली! फुई शिंकतेय, मी शिंकतोय, बाहेर गाडीवानसुद्धा शिंकतोय.

डोळे पुसत आबा म्हणाले, "जमना, आते... आते तुले बी सात नंबरनी खाट लागी!"

आणि फुईला हसू फुटलं. खाली बसली, वाहत्या डोळ्यांनीच एक गोधडी उलगडली, टाक्यांवरून बोट फिरवलं. "टाका बारीक शे पोरना," म्हणाली, आणि लीलाला जवळ ओढून घेतलं. माझ्या जिवात जीव आला.

त्या रात्री आबा आणि फुई त्याच गोधड्या पांघरून शिंकत शिंकत झोपले. ब्लँकेटांना कोणी हात लावला नाही.

सकाळी सुपारी फुटायच्या आधी आबा आप्पांना म्हणाले, "आमले पोर पसंत शे. हुंडा नको, काही नको. पन एक अट शे."

आप्पांनी हात जोडले. "सांगा आबा."

आबांनी काठीने माझ्याकडे दाखवलं. "लगीनमा याले कसालेच हात लावू देऊ नका."

"कबूल!" आप्पा, माय आणि लीला एका दमात म्हणाले.

आणि अट पाळली हो त्यांनी! सख्ख्या बहिणीच्या लग्नात मी पाहुण्यांच्या पंगतीत बसून जेवलो. नुसता पाण्याचा तांब्या सरकवायला उठलो, तर अख्खा मांडव ओरडला, "बस खाले!"