मामाच्या घड्याळातलं चाक

चिनी माल टिकत नाही असं कोणी म्हटलं की मी शर्टाची बाही वर करतो. माझ्या मनगटावरचं चावीचं चिनी घड्याळ माझ्या वयाचं आहे आणि माझ्यापेक्षा कमी कुरकुर करतं. असली जुनी चिनी घड्याळं जमवायचा मला नाद आहे. दिवसा रिसोडात विजेच्या खांबांवर चढायचं आणि संध्याकाळी डोळ्याला भिंग लावून बसायचं. बायको म्हणते, "चिनी लेकरायले रोज चावी देता, घरच्या लेकरायलेही कवा इचारत जा." घरची लेकरं चावी न देताही चालतात, हे तिला कोण सांगणार!

ही घड्याळं आमच्या भागात आली ती हिवाळ्यात स्वेटर विकायला येणाऱ्या नेपाळी लोकांच्या गाठोड्यांतून. रिठदच्या माझ्या मामाला लग्नात सासऱ्याने दिलेलं घड्याळ त्यातलंच. मामा ते कायम दहा मिनिटं पुढे ठेवतो. गावच्या विहारात पौर्णिमेची वंदना त्याच्या घड्याळावर सुरू होते, आणि एवढी सूट धरल्याशिवाय माणसं वेळेवर येत नाहीत असं त्याचं ठाम मत आहे.

यंदा ते घड्याळ मागे पडायला लागलं. मामाने झाकण उघडून आत शिलाई मशीनचं तेल सोडलं. आमच्याकडे आवाज करणाऱ्या प्रत्येक यंत्राला तेच पाजतात. मग जास्तीचं तेल टिपायला कापसाची काडी आत घातली आणि केसासारखी बारीक स्प्रिंग पार गुंतवून टाकली. पौर्णिमा परवावर आली होती. घड्याळ रुमालात बांधून मामा माझ्याकडे आला.

"पोरं म्हनतात, आता वंदना मोबाइलच्या टायमावर चालू करू," तो म्हणाला. "मंग मी तिथं कायले जाऊ?"

नेहमीसारखा ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हळू बोलला आणि मी डोळ्याला भिंग लावलं.

नवी स्प्रिंग मागवली तर महिना लागणार. पण त्या काळी चीनमधल्या कितीतरी कारखान्यांत एकाच नमुन्याचं मशीन बनायचं. डायल वेगळी, नाव वेगळं, पोट एकच. माझ्याकडे तसलं एक होतं, कोणीही कधी न वापरलेलं, काचेवरचा कागदसुद्धा न निघालेलं. ते बघायला अकोल्याहून माणसं यायची.

मी कागद काढला. जीव हळहळला, खोटं कशाला बोलू. पण माझ्या हातावर माझा भरवसा आहे. त्यातलं डोलणारं चाक स्प्रिंगसकट काढून मामाच्या धुतलेल्या मशीनमध्ये बसवलं आणि ते डोलायला लागलं. मी सेकंदाला सेकंद जुळवून वेळ लावली. मामाने ती माझ्या मोबाइलशी ताडून पाहिली, चावी ओढली आणि काटा दहा मिनिटं पुढे सरकवला.

"आता बरोबर हाय," तो म्हणाला.

पौर्णिमेला मी मुद्दाम विहारात गेलो. मोबाइलच्या हिशेबाने अजून दहा मिनिटं बाकी होती, पण सारी वस्ती येऊन बसली होती. मामाने मनगट पाहिलं आणि हात जोडले. पोरांनी मोबाइल खिशात टाकले आणि त्यांनीही जोडले. मला इतका अभिमान वाटला की वंदनेचे पहिले शब्द मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटले.

माझ्या पेटीतलं ते कोरं घड्याळ आता बंद आहे. अकोल्याची माणसं ते बघायला आली की मी त्यांना मामाचं मनगट दाखवायला रिठदला घेऊन जातो.