साहेब घाटात उतरले नाहीत

घाटाच्या पायथ्याशी साहेब पाय मोकळे करायला म्हणून टांग्यातून उतरू लागले. दस्तगीरचाचांनी त्यांना अदबीनं पुन्हा बसवलं.

"हुजूर, तुमी पायी चालायचं? लोक म्हणतील, दस्तगीरची घोडी मेली का काय."

साहेब हसले आणि घड्याळ काढून बसले. सवयीनं मीही उठलो होतो. चाचांनी डोळे वटारले. बसलो.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना, मोटारी जवळजवळ बंद. सोलापूरकडची माणसं निजामाच्या सरहद्दीच्या नाक्यावरून टांग्यानं तुळजापूर गाठत. टांगेवाले तोंडाला येईल ते मागू लागले. तक्रारी गेल्या. तेव्हा निर्ख, म्हणजे सरकारी दर, ठरवायला हे साहेब हैदराबादेहून आले. इथं त्यांचं नातं ना गोतं, म्हणूनच त्यांना पाठवलेलं. माणूस सचोटीचा. चाचांचा चहासुद्धा घेतला नाही. आधी स्वतः बसून बघणार म्हणाले, तेही पूर्ण तीन सवारी भरून. साहेब, शिपाई आणि लिहून घ्यायला मी.

मी ईट गावचा. उर्दू चौथीतच शाळा सुटली. तुळजापुरात आलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. चाचांनी तबेल्यात जागा दिली, वर्षभर भाकरी घातली. तहसिलीत शब्द टाकला तोही त्यांनीच. ते उपकार फिटायचे नाहीत. नोकरी मात्र अजून कायम नव्हती आणि त्या धास्तीनं मला घास गोड लागत नसे.

आमच्या घाटाचा एक रिवाज होता. चढ लागला की सवारी उतरायची आणि माथ्यापर्यंत चालायची. सांगावं लागत नसे. म्हातारंकोतारं तेवढं बसून राही. त्या दिवशी चाचांची चांदणी तिघांना घेऊन एका दमात वर गेली. तिच्या तोंडाला फेस आला होता. चाचा मिशीत हसत होते. साहेबांनी वेळ सांगितली, मी लिहिली.

संध्याकाळी कचेरीत साहेबांनी रिपोर्ट सांगितला. घाटासाठी जादा दर नको. सवारीला वाटेत उतरवू नये. मग विचारलं, "काही राहिलं का?"

रिवाज माझ्या ओठांवर होता. पण शेजारी तहसीलदार बसले होते आणि माझा कायम व्हायचा कागद त्यांच्या मेजावर होता. साहेबांनी डोळ्यांनी पाहिलेलं मी खोटं कसं पाडू?

"नाही, हुजूर," मी म्हणालो.

नाक्यावर दराची पाटी लागली. नवरात्रात लोक पाटीकडं बोट दाखवून बसून राहू लागले. चाचांनी एकाला विनवलं, तर तो म्हणाला, "पैसे बसायचे दिलेत, चालायचे न्हाय." सातव्या माळेला चांदणी दुसऱ्या वळणावर गुडघ्यांवर आली. पुन्हा उठली नाही.

चाचा बिल्ला परत करायला कचेरीत आले. बिल्ला म्हणजे टांग्याच्या परवान्याचा पितळी तुकडा. तो त्यांनी माझ्याच मेजावर ठेवला.

"चूक माझीच. साहेबाला म्याच बसवलं," ते म्हणाले. दारापर्यंत गेले आणि थांबले. "पण बाबा, तुला तर ठावं व्हतं."

मी मान खाली घालून बिल्ला जमा करून घेतला. पुढच्या महिन्यात कायम झालो.

दर ठरवणारा कुणाचा मिंधा नसावा म्हणतात. साहेब नव्हतेच. पण त्यांना घाट ठाऊक नव्हता, आणि ज्याला ठाऊक होता तो नोकरीचा मिंधा होता.

पुढं अशा कमिट्यांबरोबर पुष्कळ फिरलो. चढ आला की मी आधी उतरायचो. साहेब लोक विचारायचे, बसून बसून पाय अवघडले का.