याद्यांआधीचा उखाणा

आमच्या घरात १९५४ सालच्या आवळीभोजनाची आठवण निघाली की सगळे रोडग्यांवर बोलतात. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, देवळीजवळच्या रूपराव पाटलांच्या बागेतली आवळ्याची सावली. तसे रोडगे पुन्हा झाले नाहीत म्हणतात. शरयूआत्याचं लग्न त्याच सावलीत मोडलं, हे त्यामानानं कमी चविष्ट असल्यामुळे मागे पडतं.

आत्या तेव्हा वीस वर्षांची. वर्ध्याच्या एका कचेरीत कारकून असलेल्या माधवरावांनी तिला पसंत केलं होतं. त्यांच्या वडिलांचा, बंडोपंतांचा, होकार तोंडी आला होता. देण्याघेण्याच्या याद्या मात्र सवडीनं करू म्हणाले होते, आणि याद्यांवर सह्या होईपर्यंत लग्न ठरलं असं म्हणायची पद्धत नव्हती.

कार्तिकातल्या त्या रविवारी आजोबांनी, शाळामास्तर असूनही, धाडस केलं. माधवरावांना जेवायला बोलावलं. दोघांना विहिरीपर्यंत फिरून यायची मोकळीकसुद्धा दिली. सोबत फक्त तीन बायका होत्या.

पंगत उठली आणि रूपरावांच्या पाटलीणबाई मनकर्णाबाई रंगात आल्या.

"घे व पोरी, नाव घे!"

"अजून काही झालं नाही, काकू."

"झालं नाई तं होऊन राह्यलं ना! लाजून काऊन राह्यली? आमी का चावतो तुले?"

आत्या मान खाली घालून बसली. तेव्हा माधवराव स्वतः म्हणाले, "घ्या की. इथं परकं कोण आहे?"

आत्यानं उखाणा घेतला. टाळ्या पडल्या. माधवराव कानापर्यंत लाल झाले.

आठवड्याच्या आत बंडोपंतांचा निरोप आला. मुलगी आगाऊ आहे. याद्यांआधी चारचौघांत नवऱ्याचं नाव घेणारी सून आम्हाला झेपायची नाही. अमरावतीच्या एका वकिलाची मुलगी त्यांना झेपणार होती, हे नंतर कळलं.

आत्यानं हट्टच धरला, म्हणून आजोबा तिला घेऊन वर्ध्याला गेले. बंडोपंतांनी रीतसर चहा दिला.

"नाव घ्या असं कोण म्हणालं, एवढंच तुम्ही सांगा," आत्या माधवरावांना म्हणाली. "बाकी मी काही मागत नाही."

माधवरावांनी आधी बापाकडे पाहिलं. "तशी थट्टा चालली होती," ते म्हणाले. "मला नीटसं आठवत नाही."

"पाहिलंत मास्तर?" बंडोपंत म्हणाले. "आताही तुम्ही गप्प, आणि तीच बोलतेय."

पुढची स्थळं देवळीच्या वेशीवरच चौकशी करत आणि तिथूनच परतत. एकाचं नाव घेतलेली मुलगी दुसऱ्यानं कशी करावी? मनकर्णाबाई घरी येऊन रडून गेल्या. "माह्याच तोंडाले आग लागो, मास्तर!" सगळ्या प्रकरणात चूक कबूल करणाऱ्या त्या एकट्याच; बाकीच्यांना तशी गरज भासली नाही.

दोन वर्षांनी अल्लीपूरचे प्रभाकरराव आले. बिजवर, पदरी दोन मुलं. त्यांना फार चौकशी करायची नव्हती, आणि आमच्या घरालाही. बैठकीत बोलणी चालली असताना आत्या चुलीपाशी पोहे परतत होती. आजी आत आली.

"माणूस बरा दिसतो."

आत्यानं कढई उतरवली. "धाकटं केवढं आहे?"

"दीड वर्षाचं."

"मग रात्रीचं रडत असेल," आत्या म्हणाली.

एवढ्यावर तिचा होकार धरण्यात आला.