हजेरी आपल्या तोंडाने

आत्याला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण धक्क्यावर तिची चेष्टा सुरू व्हायची ती तिथूनच. डायव्हिंगच्या बोटीवर आठ वर्षं काम करणारी बाई, आणि गुडघाभर पाण्यात उतरायची नाही! वर तोरा असा, की बोट भाच्याची असली तरी सुटायची ती हिच्या हुकमानं.

त्याआधी तीस वर्षं तिनं पाळणाघर चालवलं. संध्याकाळी एखादी शेजारीण येऊन म्हणायची, "त्याच्या आईनंच पाठवलंय मला." आत्या म्हणायची, "मग आईलाच येऊ दे." तीस वर्षांत एक मूल चुकीच्या हातात गेलं नाही. भाचाही त्याच पाळणाघरात रांगला. पुढे त्यानं बोट घेतली आणि "घरी एकटी काय करणार, चल माझ्याबरोबर," म्हणाला, तेव्हा ती एक वही आणि पेन्सिल घेऊन चढली. पेन्सिलच, कारण शाई पाण्यानं फुटते.

तिचा नियम एकच. पाण्यात उतरण्याआधी आणि वर आल्यावर प्रत्येकानं आपल्या तोंडानं "आहे" म्हणायचं. बायकोचं नवऱ्यानं सांगितलेलं चालायचं नाही. नुसता हात वर केलेलाही चालायचा नाही. मोठमोठे साहेब ओलेचिंब उभे राहून शाळेतल्या पोरांसारखे "आहे" म्हणायचे. कुणाला गंमत वाटायची, कुणी नाक मुरडायचं.

भाच्याला मात्र आताशा ते जड जायला लागलं होतं. लोक चार ठिकाणी चौकशी करून बोट ठरवतात. शेजारच्या बोटीवर गाणी होती, पाण्याखालचे फोटो होते. आणि याच्या बोटीबद्दल लोक लिहायचे, "बोट छान, पण एक बाई फार कटकट करते." त्या दिवशी सकाळी हवेच्या टाक्या चढवता चढवता त्यानं विषय काढलाच.

"आत्या, पुढच्या सीझनपासून तू ऑफिसात बस. पंख्याखाली. फोन घेत जा."

"म्हणजे मला उतरवतोयस."

"तसं नाही गं. तुझं वय झालं आता."

"वय झालंय ते तुझ्या बोटीचं. रंग दे तिला!"

तोंड चाललं, पण आत कुठेतरी लागलं. फोन काय, कुणीही घेईल. त्या दिवशी नावं लिहिताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

नऊ जण गाईडबरोबर पाण्यात उतरले तेव्हा समुद्र बरा होता. ते खाली असतानाच वारा फिरला. वर येईपर्यंत लाटांनी असा काही थयथयाट मांडला, की बोटीची शिडी घटकेत पाण्याखाली, घटकेत हवेत. भाचा आणि इंजिनवाला एकेकाला बखोटीला धरून वर ओढत होते. वर आलेला जिथं पडेल तिथंच ओकत होता. आत्यानं एका हातानं खांब धरला होता, दुसऱ्या हातानं वही.

"नऊ झाले!" भाचा ओरडला. "मी मोजलेत. काढ बोट!"

"मी नाही मोजले अजून," आत्या म्हणाली.

"आत्या, आता नको गं! लाट बघ!"

"इंजिनाला हात लावून तर बघा!"

इंजिनवाल्यानं हात मागे घेतला. आत्या नाव घेत गेली, माणूस कण्हत का होईना "आहे" म्हणत गेला. आठ झाले. नववं नाव एका तरुण बाईचं होतं. उत्तर तिच्या नवऱ्यानं दिलं.

"आहे ती. आत केबिनमध्ये गेलीय, ओकतेय."

आत कुणीतरी ओकत होतं खरं.

"तिच्या तोंडून ऐकू दे."

"अहो, तिला बोलवत नाहीये!"

"मग मी जाते ऐकायला."

खांब सोडून, वही दातात धरून, साठीची ती बाई रांगत रांगत केबिनपर्यंत गेली आणि तिनं दार ओढलं. आत बादलीला मिठी मारून बसला होता तो गाईड. भाच्यानं त्यालाच नववा धरला होता.

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्या मागेच होती हो शिडीवर. मागेच होती!"

भाच्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण गडी कामाचा. लाटा जिकडे ओढत होत्या तिकडे त्यानं बोट अगदी हळू नेली, आणि आत्यानं हाका घालायला सुरुवात केली. दोन गल्ल्यांपलीकडची पोरं जेवायला बोलवायचा तो आवाज! दहा हाका झाल्या, वीस झाल्या. घसा बसत आला तेव्हा कुठून तरी बारीकशी शिट्टी ऐकू आली. मग एका लाटेच्या माथ्यावर, उतरणाऱ्या प्रत्येकाजवळ खुणेसाठी दिलेला असतो तो नारिंगी फुगा दिसला, आणि फुग्याला घट्ट धरून ती पोरगी.

तिला वर घेतलं. दातांवर दात आपटत होते तिचे. नवऱ्यानं मिठी मारली, तरी आत्यानं मध्ये घुसून तिचं नाव घेतलंच.

"आ... आहे," ती म्हणाली.

आत्यानं भिजल्या कागदावर खूण केली आणि मग लहान पोरासारखी हमसून हमसून रडली.

भाचा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्यानं तिच्या हातातून वही घेतली, पेन्सिल घेतली. आठ वर्षांत त्या वहीत सगळ्यांची नावं आली होती, इंजिनवाल्याचंसुद्धा. तिचं स्वतःचं नाव तेवढं कधीच नव्हतं. भाच्यानं पानाच्या सगळ्यात वरती काहीतरी लिहिलं आणि लाटांच्या वर आवाज चढवून हाक मारली, "आत्या!"

"काय रे? समोर तर बसलेय. दिसत नाही?"

"दिसलेलं चालत नाही या बोटीवर. आपल्या तोंडानं सांगायचं."

सगळी बोट ओकायची थांबून बघत होती. आत्यानं पदरानं नाक पुसलं.

"आहे," ती म्हणाली.

"ऐकू आलं नाही."

"आहे रे मेल्या, आहे!"

भाच्यानं तिच्या नावापुढे खूण केली. मग इंजिनवाल्याकडे वळून म्हणाला, "आता काढ बोट."