जांभळ्या टोपणाची ट्यूब

दुपारी खुर्चीत डोळा लागला की माझा उजवा हात हलायला लागतो, असं नवरा सांगतो. मनगट सावकाश वळतं, परत येतं. "झोपेत कोणाला झोके देतेस गं?"

ट्यूबला देते. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं की लगेच ती आठ वेळा हळूच उलटसुलट करायची. आतलं औषध मिसळतं, रक्त गोठत नाही. लॅबमध्ये पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात.

कल्याणच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी सहा महिन्यांच्या बोलीवर लागले होते. शेवटचा पंधरवडा उरला होता. कायम करायचं की नाही, हे आमच्या मुख्य टेक्निशियन बाई ठरवणार होत्या. याद्या करायची सवय मला तेव्हाही होती. त्या सकाळी वॉर्डात सात पेशंट. मी कागदावर काम लावून घेतलं: आधी सातही जणांचं रक्त घ्यायचं, मग सगळ्या ट्यूब एकदम हलवायच्या. वेळ वाचेल. एकेक खूण करत गेले, स्वतःवर खूश.

पहिली ट्यूब जवळच्या मोहने गावाहून आलेल्या, दिवस भरलेल्या बाईची होती. दुपारी तिचं सिझेरियन ठरलं होतं. मशीननं प्लेटलेट दाखवल्या अठरा हजार; हव्यात दीड लाखाच्या वर, नाहीतर ऑपरेशनमध्ये रक्त थांबत नाही. मी लगबगीनं वॉर्डात कळवलं. डॉक्टरांनी तिला ठाण्याला हलवायचं ठरवलं, ॲम्ब्युलन्स मागवली.

मग सगळं संथ झाल्यासारखं आठवतं. खिडकीतून ऊन आत आलेलं, काचपट्ट्यांवर जांभळा रंग वाळत होता. बाहेर कॉरिडॉरमध्ये त्या पेशंटची सासू तिला समजावत होती, "रडू नको गं. ठाण्याला जन्मलं तर पोर नाक वर करून फिरेल." रक्त गोठलं तर नाही ना, हे बघायला मी लाकडी काडी त्या ट्यूबमध्ये बुडवली. काडीला गडद लाल गाठ लटकून वर आली. प्लेटलेट त्या गाठीत अडकल्या होत्या, म्हणून मशीनला कमी दिसल्या. कोणी पाहिलं नव्हतं. बाई मायक्रोस्कोपवर वाकलेल्या होत्या. काडी टाकून देऊन 'मशीन बिघडलंय' म्हणता आलं असतं.

"बाई, ही ट्यूब मी वेळेत हलवली नाही."

"विसरलीस?"

"नाही. शेवटी सगळ्या एकदम हलवणार होते."

बाईंनी मान वर केली. "पोळ्या आहेत का ह्या, सगळ्या लाटून मग भाजायला? आधी ॲम्ब्युलन्स थांबव. बोलणी नंतर खा."

सातही ट्यूब त्यांनी टाकायला लावल्या. मी फोन केला आणि पुन्हा वॉर्डात गेले.

"मघाचं सांडलं काय गं?" सासूनं विचारलं.

"नाही, माझ्या चुकीनं गोठलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "बरं. आता नीट घे."

तिच्या डोळ्यांसमोर मी ट्यूब आठ वेळा उलटसुलट केली. रक्त आत लाटेसारखं सरकत होतं. प्लेटलेट निघाल्या दोन लाखांच्या वर.

बाईंनी कायम केलं नाही. "अजून तीन महिने बघू," म्हणाल्या, आणि खरंच बघितलं. रोज, माझ्या हाताकडे.

आता घोडबंदर रोडच्या एका हॉस्पिटलची लॅब मी सांभाळते. नव्या लोकांना देते त्या यादीत वरचा रकाना एकत्र करायच्या कामांचा आहे, खालचा कधीच एकत्र न करायच्या कामांचा. खालच्यात एकच ओळ आहे.

डुलकीत मात्र यादी नसते. उन्हातला तो कॉरिडॉर असतो आणि दुपारी तिथं ऐकलेलं, कल्याणातच जन्मलेल्या बाळाचं रडणं. हात आठ वेळा वळतो आणि थांबतो. नवऱ्यानं मोजलंय.