ड्राइव्हवेवरचं मीठ

दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात मी पडलो आणि माझं उजवं मनगट मोडलं. कुठे पडलो, हे मी सगळ्यांना खोटं सांगितलं. ते आता नीट लिहितो.

डोळ्यांमुळे माझं लायसन्स गेलं होतं. इथे कॅनडात, रिचमंड हिलमध्ये, गाडी नसली की माणूस घरात बसून राहतो. म्हणून मी विजेवर चालणारी सायकल घेतली. तिला लायसन्स लागत नाही. मुलाची एकच अट होती: डिसेंबर ते मार्च सायकल गराजबाहेर काढायची नाही. मी कबूल केलं. मुलगा कामासाठी सोमवार ते गुरुवार ओटावाला असे. तो गेला की मी सायकल काढत असे. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून ती रात्री बेसमेंटमध्ये, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसजवळ ठेवायची. सूनबाईला वाटे, म्हातारा बॅटरी जपतो आहे. चाळीस वर्षं कारखान्यात यंत्रं सांभाळली, बर्फाचं काय एवढं, असं मला वाटे.

त्या सकाळी सून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला निघाली. निघण्याआधी तिनं गराजसमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं काढला आणि निळ्या बादलीतलं मीठ टाकलं. बर्फ धरू नये म्हणून टाकतात ते जाडं मीठ. मी चहा घेऊन खिडकीत उभा होतो. तिला मीठ टाकताना मी पाहिलं.

दहा वाजता मी सायकलवर निघालो. मित्राकडे जायचं होतं, चार रस्ते पलीकडे. वळणावर भुरभुरीत बर्फाखाली गोठलेला थर होता. पुढचं चाक घसरलं. मी पडलो तरी मागचं चाक थोडा वेळ फिरत राहिलं, मी ते पाहत होतो. दुखत नव्हतं. हातमोज्यातला हात वाकडा दिसत होता.

मित्राला फोन केला. तो निवृत्त डॉक्टर, पण कानांचा. व्हॅन घेऊन आला.

"लेका, पंच्याहत्तरीत सर्कशीत भरती झालास?"

आधी आम्ही सायकल गराजमध्ये ठेवली. माझ्या सांगण्यावरून त्यानं चाकं फडक्यानं कोरडी केली. मग सुनेच्याच हॉस्पिटलला गेलो.

नर्सनं विचारलं, कसे पडलात? मी म्हणालो, घरासमोर ड्राइव्हवेवर घसरलो. तिथं थांबता आलं असतं. कुणी विचारलं नसताना मी पुढे म्हणालो, मीठ टाकलेलं नव्हतं. निरोप मिळाल्यावर सून लॅबमधून धावत आली होती आणि पडद्याशी उभी होती.

"बाबा, मी टाकलं होतं."

मी डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी मुलाचा फोन स्पीकरवर होता. "एवढं एक काम होतं ना तुझ्याकडे?"

"टाकलं होतं रे," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "बहुतेक."

मी डाव्या हातानं वरणभात खात होतो. खात राहिलो.

मनगट जुळलं. दोन बोटांना अजून स्पर्श नीट कळत नाही. सायकल मी पुन्हा काढली नाही. सून मात्र दर वर्षी नोव्हेंबरपासूनच मीठ टाकू लागली, बर्फ नसला तरी. कडेचं गवत जळून गेलं. रोज निघताना ती ड्राइव्हवेचा फोटो काढून नवऱ्याला पाठवायची. तीन हिवाळे मी खिडकीतून तिला फोटो काढताना पाहिलं. काही वाटायचं नाही. चहा संपला की कप धुवायचो.

मित्र भेटला की म्हणायचा, "सांगून टाक तिला. कानांचा डॉक्टर मी, पण तुझं 'उद्या सांगतो' ऐकून माझेच कान किटले."

या ऑक्टोबरमध्ये तो गेला. मला रडू आलं नाही. अंत्यविधीहून घरी येताना एवढंच लक्षात आलं, की आता हे फक्त मला माहीत आहे.

पहिला बर्फ पडला त्या सकाळी मी दार उघडून उभा राहिलो. ती बादली घेऊन बाहेर होती.

"मी सायकलवरून पडलो होतो. वळणावर. मीठ तू टाकलं होतंस, मी पाहिलं होतं."

तिनं बादली खाली ठेवली.

"दार लावा बाबा, घर गार होतंय."

रात्री जेवणं झाल्यावर तिनं वही आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. "लिहून द्या. तोंडी सांगायला बसलात, की मुलासमोर तुम्ही हवापाण्याचं बोलत बसाल. ओळखते मी तुम्हाला."

मी लिहिलं. तिनं उभ्यानंच वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, त्या दिवशी मीठ बहुतेक टाकलेलं होतं.

"हे 'बहुतेक' खोडा."

मी खोडलं. मुलगा शुक्रवारी येतो आहे.