कुकीच्या खोक्यातल्या अक्षता

सुमित्रा केळुसकरच्या पंचाहत्तरीनिमित्त आमच्या मंडळाची मुलं स्मरणिका काढताहेत आणि "शैलामावशी, दोन पानं द्याच" म्हणून माझ्या मागे लागली आहेत. बाकीच्या सगळ्या जणी तिच्या मोदकांवर लिहिणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मोदक ती चांगले करते, मान्य. पण मोदक चांगले करणाऱ्या बायका न्यू जर्सीत आता पैशापासरी आहेत. मी लिहिणार आहे ते १९८४च्या मार्च महिन्यातल्या पाच दिवसांबद्दल. छापायचं की नाही ते मुलांनी ठरवावं.

तेव्हा पिस्कॅटवेत मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सुमित्रा माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायची. माहेर वेंगुर्ल्याचं, इंग्रजी शाळेपुरतं, आणि "नाही" हा शब्द कुठल्याच भाषेत येत नसलेला. तिचा नवरा गुरुदत्त एका कंपनीत ड्राफ्ट्समन होता, रेघ जराही हलू न देणारा माणूस. मुलगी रुपाली दहा वर्षांची. ती शाळेतल्या मुलींच्या स्काउट ट्रूपमध्ये होती. दर वर्षी या मुली दारोदार जाऊन कुकींच्या ऑर्डरी घ्यायच्या, मार्चमध्ये माल आला की घरोघर पोचवायच्या आणि त्यातून उन्हाळ्याच्या कॅम्पचा खर्च निघायचा. सगळा माल आधी एका आईच्या घरी उतरायचा. तिला म्हणायचे कुकी मदर. हे लचांड कोणालाच नको असायचं. ट्रूपच्या प्रमुख मिसेस पालुम्बो यांनी सुमित्राला विचारलं आणि ती "ओके" म्हणाली. नंतर मला फोन करून विचारते, "अगं, कुकी मदर म्हणजे नक्की काय करायचं असतं?"

गुरुवारी दुपारी ट्रक आला. गराजमध्ये छतापर्यंत खोकी लागली. मी मदतीला गेले होते. बघते तर सुमित्रा आतून कुंकवाचा करंडा आणि वाटीत अक्षता घेऊन आली. करंडा तिने रुपालीच्या हातात दिला.

"सुमित्रा, बिस्किटं आहेत ती. नवा फ्रिज नाही आलाय," मी म्हणाले.

"घरात आलेलं अन्नच की गं! आणि आज गुरुवार आहे. बारा पोरी उन्हातान्हाच्या फिरल्यात, त्यांच्या हाताला यश नको यायला?"

"आई, इट्स स्नोइंग," रुपाली म्हणाली. "नोबडी वॉज इन द सन."

सुमित्राने पहिलं खोकं उघडलं, वरच्या झाकणाला कुंकवाचं बोट लावलं, आत अक्षता टाकल्या. आमच्याकडच्या पांढऱ्या नव्हेत, चांगल्या कुंकवात भिजवून वाळवलेल्या लालभडक. "तू पण टाक, सवाष्ण आहेस," म्हणाली. मीही चिमूटभर टाकल्या. यात काय वावगं आहे असं तेव्हा मनातसुद्धा आलं नाही. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबं चिरडणारी माणसं आम्ही.

तासाभरात टॅमी नावाची मुलगी आपल्या आजीबरोबर आली. ती सर्वांत आधी आली म्हणून तिला सर्वांत वरचं, म्हणजे तेच खोकं मिळालं. टॅमीला आईबाप नव्हते. आजी एका हार्डवेअरच्या दुकानात काम करायची आणि दोघी त्याच दुकानाच्या माडीवर राहायच्या. पोर जरा द्वाड होती. आदल्या वर्षीच्या कॅम्पात तिने कोणाच्या तरी अंथरुणात बेडूक सोडला होता, त्यामुळे बाकीच्या आयांची तिच्यावर आधीच खप्पामर्जी.

त्याच आठवड्यात टीव्हीवर बातम्या सुरू झाल्या. कुठल्या कुठल्या राज्यांत म्हणे अशाच कुकींमध्ये टाचण्या सापडल्या, सुया सापडल्या. शनिवारी सकाळी मी सुमित्राकडे पुन्हा खोकी लावायला बसले होते तेव्हा फोन वाजला. मिसेस पालुम्बो. सुमित्रा नुसतीच "येस, येस" करत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता.

रिसीव्हर ठेवून ती जिन्याच्या पायरीवर बसली. "टॅमीने ज्या म्हातारीला डबा दिला ना, तिला झाकणात लाल दाणे मिळाले. ती म्हणते, उंदरांचं विष आहे. पोलिसांनी डबा नेलाय. टॅमीच्या आजीच्या दुकानात तसलंच औषध विकायला असतं म्हणे. लाल दाण्यांचं." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "शैला, त्या माझ्या अक्षता आहेत."

माझ्या अक्षता, असं म्हणाली. आपल्या, असं नाही. मीही सुधारलं नाही.

पुढचं मला अजून शब्द न् शब्द आठवतं. गुरुदत्तभावोजी आतून आले, ऐकलं आणि आधी गराजचं दार खाली ओढून बंद केलं. त्यांची सिटिझनशिपची मुलाखत एप्रिलच्या दहा तारखेला होती. "कोणी एक अक्षर बोलायचं नाही," ते म्हणाले. "पोलिसांत नाव गेलं की फाइलला लागलं. अन्नात काहीतरी टाकलं, असं लिहितील ते. अक्षता म्हणजे काय हे फाइलमध्ये कोण लिहिणार?"

"अहो, पण त्या पोरीचं काय?"

"लॅबमध्ये तपासतील, तांदूळ निघेल, सुटेल ती."

"लॅबला तीन आठवडे लागतात म्हणाल्या त्या. सोमवारी मीटिंग आहे. टॅमीला ट्रूपमधून काढणार आहेत."

ते माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्हीच सांगा हिला."

आणि मी सांगितलं. आमचं ग्रीन कार्ड अजून लटकलेलं होतं. मी म्हणाले, "सुमित्रा, भावोजी बरोबर सांगताहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. परक्या देशात आपण आपलं सांभाळून राहावं." एवढा शहाणपणा मी आयुष्यात दुसऱ्या कोणाला शिकवला नसेल. पुढे एप्रिलमध्ये मुलाखत घेणाऱ्या साहेबाने कुकीचा क देखील काढला नाही, पण तेव्हा हे कोणाला ठाऊक होतं?

जिन्यात वर रुपाली उभी होती. तिने सगळं ऐकलेलं होतं. "आई, प्लीज डोन्ट टेल," ती म्हणाली. "दे विल से वी पुट वीअर्ड स्टफ इन फूड. एव्हरीबडी ऑलरेडी थिंक्स इट वॉज टॅमी."

रविवारी सुमित्राने मला फोन केला. आवाज बसलेला होता. "मला पोलिसांची भीती वाटतेय, खूप वाटतेय. पण काल रुपाली काय बोलली ऐकलंस ना? सगळ्यांना टॅमीच वाटतेय, म्हणजे बरंच आहे, असं. दहा वर्षांची पोर गं! हे मी शिकवलं तिला?" मी म्हटलं, तू कुठे शिकवलंस, ती आपलं मनातलं बोलली. "उद्या तू येशील बरोबर?" तिने विचारलं. येते म्हणाले. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

सोमवारी संध्याकाळी सहाची मीटिंग, चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये. भावोजींनी गाडी चालवली. पार्किंगमध्ये गाडी लावून ते म्हणाले, "मी आत येत नाही. तुला काय करायचं ते कर." रागाने नाही म्हणाले.

सुमित्रा वाटभर मागच्या सीटवर आत बोलायचं इंग्रजी वाक्य पुटपुटत होती. कुंकवाला इंग्रजीत काय म्हणतात ते तिने शब्दकोशात बघून ठेवलं होतं. "व्हर्मिलियन. बरोबर ना गं?" मला काय माहीत! मी बरोबर म्हणाले.

हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. बारा मुली, त्यांत रुपालीही, त्यांच्या आया, दोन-तीन बाप, एक तरुण पोलीस. त्याच्या टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यातले थोडे दाणे होते. टॅमी आजीला चिकटून बसली होती. तिचे केस त्या दिवशी कोणीतरी ओले करून चापूनचोपून विंचरले होते. आजी एकसारखी म्हणत होती, "शी डिडन्ट डू इट." तिच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

मिसेस पालुम्बो वाईट बाई नव्हत्या. पण घाबरलेल्या होत्या, आणि घाबरलेल्या माणसाला लवकर उरकायचं असतं. बाकी मुलींच्या भल्यासाठी टॅमीने ट्रूप सोडावा, कॅम्पला येऊ नये, असं त्यांनी कागदावर लिहूनच आणलं होतं. तो वाचून झाला. कोणाला काही म्हणायचं आहे का, असं त्यांनी विचारलं.

सुमित्रा उठली. नेसूची साडी, वर जाड कोट, पायात बर्फाचे बूट. "नॉट टॅमी," ती म्हणाली. "मी. माय राइस."

मग तिने ते घोकलेलं वाक्य सुरू केलं. नवी गोष्ट घरात आली की आम्ही देवाचं नाव घेऊन तांदूळ टाकतो, मुलींना यश मिळावं म्हणून टाकले, चूक झाली. क्रियापदं इकडची तिकडे झाली, पण कळत होतं सगळ्यांना. पोलीस वहीत लिहीत होता. त्याने विचारलं, "आणि हा लाल रंग कसला आहे, मॅम?"

"व्हर्मिलियन," सुमित्रा ठासून म्हणाली.

समोरच्या खुर्चीवरचा एक बाप ताडकन उठला. रंगांच्या कारखान्यात काम करायचा तो. "व्हर्मिलियन? दॅट्स मर्क्युरी! दॅट्स पॉइझन!"

एकदम कल्लोळ झाला. एका आईने आपल्या मुलीला उचलून जवळ घेतलं. कोणीतरी विचारलं, बाकीच्या खोक्यांतही घातलंय का. पोलीस खुर्चीवरून उठून सुमित्राच्या दिशेने दोन पावलं आला. "मॅम, तुम्ही अन्नात पारा घातलात?"

सुमित्राला पारा कळला नाही. पॉइझन कळलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "शैला, सांग ना यांना! हळद आहे, लिंबू आहे. माझी आई घरी करते. शब्द चुकला असेल माझा, कुंकू नाही चुकलं."

मला इंग्रजी तिच्यापेक्षा पुष्कळ बरं येत होतं. मी मुंबईच्या कॉलेजातली बी.ए. होते. पण तोंडातून एक शब्द फुटला नाही.

तिने एक क्षण वाट पाहिली. मग अंगठा कपाळाला लावला. मी तेव्हाच चिकटवायच्या टिकल्यांवर आले होते, सुमित्रा मात्र अजून मेण लावून वर कुंकू लावायची. ते ठसठशीत कुंकू तिने एका झटक्यात पुसून काढलं आणि तो लालभडक अंगठा सरळ तोंडात घातला.

तिथे बसलेल्या कोणालाच कळलं नाही तिने काय केलं ते. त्यांना वाटलं असेल, चव घेऊन दाखवली. नवरा धडधाकट बाहेर गाडीत बसलेला असताना वेंगुर्ल्याच्या बाईने चारचौघांत आपल्या हाताने कुंकू पुसणं म्हणजे काय, हे त्या हॉलमध्ये कळणारी मी एकटीच होते.

"एव्हरी डे," ती म्हणाली. तिचे ओठ लाल झाले होते. "फिफ्टीन इयर्स. नॉट डेड." आणि मग टॅमीच्या आजीकडे वळून हात जोडले. "सॉरी. व्हेरी सॉरी."

पोलिसाने पिशवीतले दाणे उजेडात धरले. तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. "इट इज राइस," तो म्हणाला, आणि प्रथमच त्याचा आवाज माणसासारखा वाटला. तो रंगवाला बाप खाली बसला. मिसेस पालुम्बोंनी आपला कागद हळूहळू चार घड्या करून पर्समध्ये टाकला. टॅमीची आजी रडायला लागली. टॅमी मात्र रडली नाही, ती सुमित्राच्या कपाळाकडे टक लावून बघत होती.

पण पोलिसाचं काम संपलं नव्हतं. त्याला रिपोर्ट पुरा करायचा होता. "हे करताना तुमच्याबरोबर आणखी कोणी होतं का?"

"नो," सुमित्रा म्हणाली. "ओन्ली मी."

सहज खोटं बोलली. आयुष्यात पहिल्यांदा तिला "नाही" म्हणता आलं, ते आमच्यासाठी.

तेवढ्यात मुलींमधून रुपाली उठली. "आय वॉज देअर," ती म्हणाली. "आय हेल्ड द रेड पावडर. अँड आय न्यू इट वॉजन्ट टॅमी. आय न्यू सिन्स सॅटरडे." सुमित्राने तिला थांबवलं नाही. नुसता तिच्याकडे हात पुढे केला, आणि रुपाली सगळ्या खुर्च्यांमधून चालत जाऊन आईच्या शेजारी उभी राहिली.

पोलिसाने वहीत तिचं नाव लिहिलं. "एनीबडी एल्स?" त्याने विचारलं.

सुमित्राने माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही. रुपालीने पाहिलं. मी मान खाली घालून पर्समध्ये गाडीची किल्ली शोधत होते. गाडी भावोजींची होती. माझ्याकडे किल्ली नव्हतीच.